चोरस्विचची जागा आणि इतर मिळकत

मी, अनिरुद्ध तातेराव सोनकांबळे, वय सत्तावन्न, राहणार नारायणगुडा, हैदराबाद, नोकरी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी, म्हणजे पगार घेऊन संशय घेणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते व शुद्धीवर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. अडथळा आहे तो हृदयाच्या नळ्यांत, आणि येत्या बुधवारी त्याची बायपास आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी दीपमाला हिला. तिच्या पश्चात मुलगा प्रज्ञेश याला. प्रज्ञेशला मराठी अक्षरे जुळवताना घाम फुटतो, तेव्हा हे त्याला कोणीतरी संपूर्ण वाचून दाखवावे. सारांश सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

२. दीपमालाचा भाऊ सुरेश याला काहीही नाही. कारण कलम तीनमध्ये. माझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला त्याला बोलू द्यावे, माइक मात्र देऊ नये.

३. माझी जुनी पांढरी गाडी, चार गिअरची, चोक ओढून सुरू होणारी. ती रविवारी निघते, इतर दिवशी मी स्कूटरने ऑफिसला जातो. वारसाने ध्यानात ठेवावे: किल्ली फिरवून काहीच आवाज नसेल, तर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड गरम पाण्याने धुवावी. नुसते 'टक' झाले, तर स्टार्टरची वायर घट्ट करावी. स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही, असे असेल तर गाडी ठीक आहे, तुम्ही परके आहात. किल्ली आणि ठिणगीची कॉइल यांच्यामध्ये मी एक चोरस्विच बसवला आहे, तो दाबल्याशिवाय कॉइलला करंट जात नाही. त्याची जागा मी कोणालाही सांगितलेली नाही.

तरीही मार्चमध्ये मी स्वयंपाकघरात कोसळलो आणि डोळे उघडले तेव्हा ही गाडी इस्पितळाच्या आवारात उभी होती. उशाशी सुरेश. म्हणाला, "दाजी, गाडी सावलीत लावलीय बघा." म्हणजे याने माझी वायरिंग तोडून बॅटरीवरून कॉइलला डायरेक्ट करंट दिला. मी तसे विचारले. उत्तर आले, "दाजी, जीव वाचला, वायरीचं काय घेऊन बसलात?" प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणारा दावेदार माझ्या नोकरीत आजवर निर्दोष निघालेला नाही.

४. हे कलम एक दिवस उशिरा लिहीत आहे. पुरावा हवा म्हणून काल गाडी अफझलगंजच्या अप्पाराव मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाला, "साब, वायरिंग को कोई हात बी नै लगाया." त्याच्यावरही विश्वास न ठेवता मी स्वतः पाहिले. कॉइलच्या नटावर मी दीपमालाच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतो. तो अखंड होता. म्हणजे गाडी रीतसर, किल्लीने आणि चोरस्विचने सुरू झाली होती.

अप्पाराव सीटकडे बघून म्हणाला, "इत्ता आगे लेके कायकू बैठते साब, घुटने नै लगते?" सीट दर रविवारी पुढे आलेली असते. रूळ झिजलाय असे समजून मी ती मागे ढकलत आलो. पेट्रोल कमी भरते म्हणून एक वॉचमनही बदलायला लावला. सुरेश सहा फूट उंच आहे.

घरी आलो तेव्हा दीपमाला मेथी निवडत होती.

"तुला गाडी येते?"

"मग काय, कोठीच्या बाजारात रोज चालत जाऊ?"

"आणि स्विच?"

"बसायच्या आधी तुम्ही दर वेळी सीटखाली हात घालून चप्पल सारखी करता. इतकी वर्षं कुणाची चप्पल बिघडत नसते, हो."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही स्विच हलवला असता."

हे खरे आहे.

"आणि सुरेश गप्प का बसला?"

"मीच बसवला. म्हटलं, शक तुझ्यावर राहू दे, माझी गाडी चालू राहील."

५. सबब कलम दोनमधील कारण मागे घेत आहे, कलम मात्र कायम. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला खोटा आळ इतके महिने न कुरकुरता सांभाळणारा साक्षीदार हवा आहे. माइकबद्दलची अटही कायम.

६. गाडी दीपमाला हिला. सूचनांची तिला गरज नाही, त्या प्रज्ञेशने ऐकाव्यात. तिचे लायसन्स मी पाहिले. फोटोत ती बरीच तरुण आहे. ते किती जुने, ही तपासणी मी तिथेच थांबवली.

७. हे एक कलम मृत्यूची वाट न पाहता लागू व्हावे. बुधवारी मला इस्पितळात दीपमालानेच न्यावे. मी शेजारच्या सीटवर बसेन, आणि ती सीटखाली हात घालेल तेव्हा खिडकीबाहेर बघेन.

लिहून देणार: अनिरुद्ध तातेराव सोनकांबळे (सही)

खालील दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या:
१. सुरेश नामदेवराव गवारे (सही, मजकूर न वाचता, माझ्या शब्दावर)
२. अप्पाराव, मेकॅनिक, अफझलगंज (तेलुगूत सही)

नारायणगुडा, हैदराबाद
रविवार, १३ जुलै २०२५