खाट नंबर सतराचे मामा

४ जून. मदरशाच्या वसतिगृहात डिजिटल साक्षरता सुरू. एकशेबारा मुलं, अकरा कॉम्प्युटर, एक मी. संकल्प : सहा आठवड्यांत सगळं पेपरलेस.

६ जून. दारावरचे चाचा वही ठेवतात. मूल न्यायला कोण आलं, किती वाजता, आणि शेवटचा रकाना : 'ओळख कोणाची?' तिथे ओळखणाऱ्याची सही. फाटकाची किल्ली गळ्यात. हसू आवरलं.

९ जून. वही बंद. ऑनलाइन शीट केली : नाव, खाट, वडिलांचा फोन, कोण न्यायला येणार, कधी. पालक पासवर्ड विसरतात, म्हणून लिंक सगळ्यांना खुली. व्यवस्थापक मौलाना म्हणाले, सर, मग कुणीही लिहील. पारदर्शकतेवर वीस मिनिटं बोललो. मान हलवून उठले. पटलं असणार.

११ जून. धडा : अनोळखी माणसाला माहिती देऊ नका. छान रंगला.

१४ जून, दुपारी २. तेवीस जण एकाच वेळी शीट पाहताहेत. पालक जागे झाले! बायको म्हणाली, या वेळी पालक कामावर असतात. हिला दुधातही काळं दिसतं.

१६ जून. खाट सतराच्या वडिलांना फोन : मुलगा घरी कधी येतो? ते घाबरून मौलानांकडे आले. म्हटलं, ऑफिसातूनच गेला असेल. आमच्यापैकी कुणी केला नव्हता. असो.

१८ जून. शीटमध्ये नवी ओळ : खाट सतरा, उद्या चार वाजता, मामा. आपणहून भरणारा पहिला पालक! स्क्रीनशॉट आमच्या संस्थेच्या हेड ऑफिसला.

१९ जून. मुलगा म्हणाला, सर, कुठले मामा? म्हटलं, शीटमध्ये आहेत. बॅग भरून मीच फाटकाशी आणला. पांढरी गाडी, काळ्या काचा, इंजिन चालूच. चाचांसमोर मोबाइल धरला. त्यांनी पाहिलाही नाही. माणसाला म्हणाले, "मामा, बहिणीचं नाव काय तुमच्या?"

मामांनी खिशातून फोन काढला. शीट वर-खाली केली. मग गाडीत काहीतरी राहिलं म्हणाले. गाडी गेली.

आईच्या नावाचा रकाना आज संध्याकाळी टाकणार होतो.

२० जून. लिंक बंद केली. आधी कुणाकुणाने माहिती उतरवून घेतली, हे शीट सांगत नाही. पांढरी गाडी सकाळपासून कोपऱ्यावर आहे. चाचांनी मलाही दारात अडवलं, वही पुढे केली. नाव, वेळ, काम लिहिलं. शेवटच्या रकान्यासाठी बराच वेळ उभा होतो. कुणी सही केली नाही.