उजवा चोरखिसा

१४ मार्च, दुपार

ती. दादास,

नमस्कार. इथे सगळं ठीक. वहिनींचा खोकला थांबला का? त्यांचा कोट शिवून तयार आहे, बटणं तेवढी लावायची राहिलीत.

रिव्हॉल्व्हर कसं काय म्हणून विचारलंस. छान आहे. इतकं हलकं की माझ्या कोटात ठेवलं तरी शिवण ओढली जात नाही. त्यासाठी उजव्या बाजूला दुहेरी अस्तराचा चोरखिसा शिवला, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. शिंपिणीच्या हाती बंदूक आली की आधी खिसाच होणार.

पण हलकं म्हणून घेतलंस ना, तेच नडलं. वजन नाही, त्यामुळे झटका सगळा हातात येतो. नेमबाजी शिकवणारे मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, हे बाळगायला सोपं, झाडायला महाकठीण. विकत घेताना सगळे खूश असतात." सात पावलांवरून पाच गोळ्या झाडल्या, दोन लागल्या. मनगट टम्म सुजलं. तीन दिवस कात्री धरता आली नाही.

मास्तरांनी विचारलं, "हे मनगट आधी मोडलं होतं का? कसं?"

"जिन्यावरून पडले."

कुणाचं वाक्य आहे, ओळखलंस? चौकीत माझ्या शेजारी बसून तू म्हणालास, "ती जिन्यावरून पडली. मी आतल्या खोलीत होतो, मला काही दिसलं नाही." आतल्या खोलीत? दारात उभा होतास तू, हातात चहाचा कप घेऊन. माझ्या नवऱ्याने माझा हात पिळला, कटकन आवाज झाला आणि तुझा चहा सांडला. ती फरशी मी पुसली, डाव्या हाताने.

तो तुझ्या गोदामातला भागीदार आहे, हे काय मला माहीत नाही? मी त्याचं घर सोडलं तेव्हा तू केवढी धावपळ केलीस. परवान्याच्या अर्जात 'जिवाला धोका' असं तुझ्याच अक्षरात लिहिलंस. कोणापासून? 'अज्ञात इसम.' वा रे वा!

गुरुवारी तुझा अज्ञात इसम दुकानात आला. भरदुपारी. माझा हात खिशात गेला. तो हसला.

"उजव्या खिशात ना? दादा बोलला मला. चालतो का गं तो हात अजून?"

तू सांगितलंस त्याला! त्याला धाक बसेल, परस्पर मिटेल, तुझं तोंड उघडायची वेळ येणार नाही, असंच ना? कुठल्या खिशात तेसुद्धा सांगितलंस? लाज कशी वाटली नाही रे?

त्याच्या मागे दुकानाची काच, काचेपलीकडे बसच्या रांगेत पाच-सहा माणसं. माझ्या पाचातल्या तीन गोळ्या चुकतात. मी हात रिकामाच बाहेर काढला. त्याने वहिनींचा कोट चाचपून पाहिला, "शिवतेस छान," म्हणाला आणि सावकाश निघून गेला. मी स्टुलावर बसले. खरं सांगते, त्या वेळी मला त्याच्यापेक्षा तुझा राग जास्त आला होता. अजून आहे.

काल रिव्हॉल्व्हर चौकीत जमा केलं. पावतीची नक्कल सोबत आहे. चोरखिसा उसवून टाकला. आणि चौकीतच बसून नवा जबाब दिला, जिन्याशिवायचा. साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहिलं आहे, कपासकट.

मला तुझ्याकडून बंदूक नको होती, दादा. 'मी पाहिलं' एवढं म्हणायला हवं होतंस.

सोमवारी अकरा वाजता कोर्टात याच प्रकरणाची तारीख आहे. वहिनींचा कोट मी तिथे घेऊन येते. तो न्यायला तू स्वतः ये. नाही आलास तर कोट पोस्टाने येईल, पत्र मात्र पुन्हा येणार नाही.

जिन्यावरून कधीच न पडलेली,
तुझी बहीण