नळीला सळई लागू देणार न्हाई

गुलबर्गा
ता. ३ नोव्हेंबर १९९७

ती. बिराप्पामामांस,

तुळजाचा तुम्हा दोघांना वाकून नमस्कार. वि. वि. मी खुशाल हाय. वसतिगृहातलं पातळ वरणसुद्धा आता अंगी लागायलंय. मामीची शेंगाचटणी मात्र संपली. हे आधीच लिहिते, न्हाईतर तुम्ही शेवटपर्यंत वाचत न्हाई.

आता कामाचं. कॉलेजच्या नेमबाजी संघात माझं नाव अजून टिकून हाय. चौदा डिसेंबरला निवड हाय. नऊजणांतून चौघं बेंगळूरला राज्याच्या शिबिराला जाणार. माझं हे शेवटचं वर्ष. कॉलेज सुटलं की बंदूक सुटली, आपल्यात कुणी मला रायफल घेऊन देणार हाय व्हय? म्हणून ह्या चौघांत मला यायचंच हाय.

आमची रायफल पॉइंट टू-टूची. तुमच्या थ्री-नॉट-थ्रीपुढं तुम्हाला ती खेळणं वाटंल. पेन्सिल जाईल एवढी नळी, मऊ शिशाची गोळी, तिला वरून मेणाचा पातळ हात दिलेला, आन् ठोका काडतुसाच्या मधोमध न बसता कडेवर बसतो. साफ करायला इथं एकच लोखंडी सळई हाय, तीन तुकडे आट्यांनी जोडायची. जोड बोटाला टोचतात. आम्हाला नेम शिकवणारे रामराव उस्ताद रोज संध्याकाळी ती नळीच्या तोंडातून घालून खसाखसा मारतात. नळी आतून चकाचक दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आन् दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या सात-आठ गोळ्या वाटंल तिकडं जातात, मग एकाएकी जागेवर यायला लागतात. उस्ताद म्हणतात, माझा हात सकाळी थंड असतो. तुम्ही पलटणीत अठरा वर्षं हत्यारं सांभाळलीत. खरं काय ते लिहा.

माया हायच, ती तशीच राहू द्या.

तुमची भाची,
तुळजा

*

हळ्ळीखेड (बी)
ता. ९ नोव्हेंबर १९९७

चि. तुळजाबाई नेमबाज हिला,

मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद. पत्र पावलं, शेवटपर्यंत वाचलं. चटणीचा डबा हुमनाबादहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ दिलाय. स्टँडवर जाऊन घे, न्हाईतर तोच भाकरीबरोबर संपवंल. तूर फुलावर हाय. तुझी माय बरी हाय, तुझ्या काळजीनं मला रोज दोनदा छळती.

हात थंड म्हणं! उस्तादाचं डोकं थंड असंल. पण सफाईचं त्याचं बरोबर हाय, उलट तो कमीच करायलाय. नीट वाच. गोळीबार झाला की लगेच नळीत किटलीभर उकळतं पाणी ओतायचं. काडतुसातल्या दारूबरोबर मीठ सुटतं, ते त्यानं धुऊन जातं. मग तारेचा ब्रश एकवीस वेळा. मग फुलत्रू, म्हणजे दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायची, चिंधी पांढरीफेक निघंस्तोवर. अठरा वर्षांत माझ्या हातची नळी एकाही साहेबानं परत पाठवली न्हाई. कुणाचं ऐकू नको, मी सांगतो तसं कर.

खुशाली कळवत जा. मामी म्हणती, हाडं दिसंस्तोवर शिकू नको.

तुझा मामा,
बिराप्पा

*

गुलबर्गा
ता. २७ नोव्हेंबर १९९७

ती. मामांस,

नमस्कार. वि. वि. चटणी पोचली, निम्मीच. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, रस्ता खराब हाय.

मामा, तुमचं ऐकलं आन् पस्तावले. उस्ताद रजेवर होते तवा किटली उकळून नळीत ओतली. पाणी खालच्या लाकडात शिरलं. दोन दिवसांत लाकूड फुगलं, नळीला एका अंगानं दाबायला लागलं आन् सगळ्या गोळ्या डावीकडं. उस्तादांनी सगळ्यांसमोर माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. लाकूड वाळंस्तोवर आठ दिवस रायफल हातात मिळाली न्हाई. रागानं म्हणाले, आता तुझी रायफल तूच साफ कर. त्यांनी शिक्षा म्हणून दिलं, मला तेच पाहिजे होतं.

त्या आठ दिवसांत काडतुसाच्या डब्यातला कागद शब्दकोश घेऊन वाचला, ग्रंथालयात एक पुस्तक मिळालं तेबी वाचलं. मामा, तुम्ही म्हणता ते मीठ जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात होतं. ह्यात ते नसतंच. धुवायला काही न्हाई तर पाणी कशाला? आन् शिशाची गोळी मऊ असती, तिनं नळी झिजत न्हाई. झिजते ती सळईनं. तोंडाची कड सळईनं घासली की गोळी बाहेर पडताना भरकटती.

म्हणून मी मासे धरायची नायलॉनची दोरी आणली. जुन्या फलालीनच्या झंपराच्या बारक्या चिंध्या केल्या. दोरी मागून घालायची, जिथं काडतूस बसतं तिकडून, आन् तोंडातून बाहेर काढायची. परत मागं ओढायची न्हाई. एकदा, फार तर दोनदा. काडतुसाच्या घरात मेण साचतं, तेवढं काडीला चिंधी गुंडाळून पुसायचं. बाकी आत शिशाचा आन् मेणाचा पातळ हात राहू द्यायचा. गोळीला तोच पाहिजे असतो. नळी पार खरवडली की पहिल्या आठ गोळ्या तो हात परत बसवण्यात जातात. हात थंड नव्हता मामा, नळी उघडी पडलेली होती.

सोबत निशाणाचे दोन कागद पाठवते. लाल खुणेचा सळईनं चकाचक केल्यावरचा, निळ्या खुणेचा दोरीनं पुसल्यावरचा. दोन्हीवर दहा-दहा गोळ्या, एकाच सकाळच्या नव्हेत, पण हात एकच. लाल कागदावर सांडलेल्या तुरी, निळ्यावर रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात सगळ्या. बघा आन् सांगा.

राग आला तरी जीव लावणं सोडू नका.

तुमची,
तुळजा

*

हळ्ळीखेड (बी)
ता. ४ डिसेंबर १९९७

चि. तुळजा हिस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. कागद मी बघितले न्हाईत. चुलीत घाल म्हणून मामीजवळ दिले, तिनं कामून कुणास ठाऊक डब्यात ठेवून घेतले.

कालची पोर तू, चार पानं वाचून मला शिकवायलीस? अठरा वर्षं काय मी गवत कापत होतो? घाण नळी घेऊन उभा राहिलेला नेमबाज आन् बिनआंघोळीचा पुजारी, मला दोन्ही चालत न्हाई. पलटणीची फुलत्रू सोडून मासे धरायच्या दोरीनं हत्यार पुसतात हे जन्मात ऐकलं नव्हतं. पलटणीत कुणाला सांगितलं तर हसून मरतील.

तुझं नुकसान व्हायला नको म्हणून रामराव उस्तादांना मी वेगळं पत्र टाकलंय. निवडीच्या सकाळी त्यांनी तुझी नळी स्वतःच्या हातानं ब्रश मारून चकाचक करावी, तुझ्यावर सोडू नये, असं लिहिलंय. मुकाट्यानं ऐक.

तब्येत सांभाळ. मामीनं आशीर्वाद कळवलाय, ती माझ्याशी बोलत न्हाई.

मामा

*

गुलबर्गा
ता. १५ डिसेंबर १९९७

मामांस नमस्कार,

काल निवड झाली. सकाळी उस्ताद आले, एका हातात सळई, दुसऱ्या हातात तुमचं पत्र. पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. पोरं हसली. मी रायफल छातीशी धरली आन् म्हणलं, देणार न्हाई. उस्ताद म्हणाले, मामाचा हुकूम हाय आन् उस्तादाचाबी हाय. मी म्हणलं, असंल, पण निशाणा माझा हाय, नळीला सळई लागू देणार न्हाई. मग ते म्हणाले, तसं लिहून दे. घाण नळीनं हरलीस तर नाव कायमचं कापतो, परत तक्रार करायची न्हाई. मी लिहून दिलं. खाली सही केली, मराठीत आन् कन्नडातबी.

नेम धरायला पोटावर पडले तवा मला फक्त तुमच्यावरचा राग आठवत होता. त्या रागानंच दम धरला असंल. पहिलीच गोळी निशाणाच्या मधल्या काळ्यात बसली. शंभरातले चौऱ्याण्णव आले. चौघांत मी तिसरी. बेंगळूरला जायलेय, मामा.

उस्तादांनी वहीत शेरा मारलाय, नेम चांगला, हुकूम ऐकत न्हाई. मी खोडायला सांगितलं न्हाई.

तुमच्यावर मात्र लय रागावलेय. तुम्ही चुकीचं सांगितलं त्याचं काही न्हाई, तुम्हाला ठाऊक होतं ते तुम्ही सांगितलं. पण कागद पाठवूनबी न बघता, माझ्या पाठीमागं उस्तादांना लिहिलंत कामून? मी तुमची माफी मागणार न्हाई. तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा.

मामींना माझा नमस्कार सांगा, आधी त्यांना.

तुळजा

*

हळ्ळीखेड (बी)
ता. २३ डिसेंबर १९९७

चि. तुळजास,

मामाचे आशीर्वाद, घ्यायचे असले तर. तुझं पत्र वाचून मामीनं ते दोन कागद डब्यातून काढून माझ्यापुढं आपटले. चष्मा लावून बघितले. दोन दिवस जेवण गेलं न्हाई.

तुला एक गोष्ट कधी सांगितली न्हाई. पंच्याहत्तर साली आमच्या पलटणीत भालकीकडचा लिंगराज नावाचा शिपाई होता. पॉइंट टू-टूच्या सामन्याला त्याच्यासारखा हात पलटणीत दुसरा नव्हता. त्याची नळी मला काळपट दिसली म्हणून मी त्याला सात दिवस पाठीवर ओझं देऊन पळवलं. सामन्याच्या सकाळी त्याची रायफल मागितली, त्यानं लगेच दिली, आन् मी स्वतः एकवीस हात ब्रश मारला. त्याच्या पहिल्या सहा गोळ्या वाया गेल्या. त्यानं सांगितलं, नळी आत्ताच खरवडलीय, जरा थांबा, जागेवर यील. मी सगळ्यांसमोर म्हणलं, हात कापतेत ते सांग की. संघातून त्याचं नाव गेलं. त्यानं परत कधी नेम धरला न्हाई, पाच वर्षांत नोकरी सोडून घरी आला. मी बावीस वर्षं समजत होतो, पोरात दम नव्हता.

काल भालकीला गेलो. तो पिठाची गिरणी चालवतो, केस पिकलेत. ओळखलं लगेच, उठून सलाम केला. मला खाली कुठं बघावं कळंना. सगळं सांगितलं, तुझंबी सांगितलं. म्हणलं, तुझा हात कापत नव्हता, चूक माझ्या ब्रशची होती, मला माफ कर.

त्यानं गिरणीचा पट्टा थांबवला. एवढंच विचारलं, पोरीनं उस्तादाला रायफल दिलीच न्हाई व्हय? मी म्हणलं, न्हाई दिली. तवा तो पिठाच्या पोत्यावर बसला आन् म्हणाला, मग मी कामून दिली असंल.

तुझा मामा,
बिराप्पा