कळव्याच्या बाजारातला भूमितीचा तास

सर, परवा ताईच्या नातवाच्या शाळेत पालकसभेला गेले होते. मोठ्या बाईंनी सांगितलं, आता मुलांनी घरचा मोबाईल वर्गात आणायचा, धडा रेकॉर्ड करायचा आणि घरी पुन्हा ऐकायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेली ताई हळूच म्हणाली, "म्हंजे आता सर ओरडत नाय?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी तुमचा असा संताप आला की मी चहासुद्धा न घेता उठले.

तुम्हाला आठवणार नाही, म्हणून सांगते. ऐंशीच्या दशकातली माझी दहावी. आईने अंथरूण धरलं तेव्हा नववीतून ताईची शाळा सुटली होती आणि आईची मासळीची पाटी तिच्या डोक्यावर आली होती. तरी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसायला, माझ्याच बरोबर. पास झाली तर तिला नर्स व्हायचं होतं. गणिताला मात्र ती घाबरायची. मामा जहाजावर होता. त्याने आणलेला छोटा टेपरेकॉर्डर मी दप्तरात लपवून तुमच्या तासाला आणायला लागले. फळ्यावर रेघ ओढताना ती रेघ तोंडानेही सांगायची तुमची पद्धत होती, त्यामुळे नुसतं ऐकूनही आकृती काढता यायची. बाजारात गिऱ्हाईक कमी झालं की ताई टेप लावते. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून बटण कोपराने दाबते. तेच वाक्य पुन्हा ऐकते, ओल्या बोटाने फळीवर त्रिकोण काढते आणि म्हणते, "आता मना समजला. तुझे सर काय सोपा करून सांगतान गं!"

मग एके दिवशी प्रमेय चालू असताना कॅसेट संपली आणि दप्तरात बटण खट्‌कन वर आलं. तुम्ही खडू ठेवलात. डोंबिवलीत तुमचा खाजगी क्लास जोरात होता, त्यामुळे तुमच्या मनात पहिला संशय तोच आला. "कुठल्या क्लासवाल्याने पाठवलंय तुला?" मी खरं ते सांगितलं, बहिणीसाठी, ती कळव्याला मासळी घेऊन बसते. वर्ग हसला. तुम्हीही हसलात. "पापलेट विकायला पायथागोरस कशाला लागतो?" असं म्हणून तुम्ही बोटाने कॅसेटची फीत ओढत राहिलात, टेबलावर ढीग होईपर्यंत. टेपरेकॉर्डर स्टाफरूमच्या कपाटात गेला, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ताई शाळेत आली. पाटी शेजारणीकडे सोपवून, साबणाने हात घासघासून, ठेवणीतली साडी नेसून. मला वाटलं टेप मागेल. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, माझी चुकी हाय. पोरीला ओरडू नका." टेपचा विषयही तिने काढला नाही. तुम्ही तिला बसायला सांगितलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "शिकायचंच असेल बाई, तर संध्याकाळी आमच्या क्लासला या." अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला बाई! आणि संध्याकाळीच तर बाजार भरतो, हे कळव्यात शेंबडं पोरही सांगेल. ताई 'हो सर' म्हणाली आणि गेली. घरी मी तिला शिकवायला बसायचे, पण मला ते तुमच्यासारखं सांगता यायचं नाही. मी चिडायचे आणि ती वही मिटायची.

ती बाकी सगळ्या विषयांत पास झाली. गणितात राहिली. पुन्हा बसली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि पाटी आजतागायत सुटली नाही. शिपायाने टेपरेकॉर्डर आणून दिला तो मी फळीवर ठेवून दिला, कुणी लावला नाही.

तुम्ही वाईट मास्तर असतात तर मी तुम्हाला केव्हाच विसरले असते. पण मला गणितात जे मार्क मिळाले, पुढे बँकेत जी नोकरी मिळाली, ती तुमच्याच शिकवण्यावर. हे लिहितानासुद्धा आंबट खाल्ल्यासारखे माझे दात शिवशिवतात. हे मी ताईला वाचून दाखवणार नाही. तिने ऐकलं तर ती तुमचीच बाजू घेईल, म्हणेल, सर शिकवायचे छान.