सुमनचा तांब्या

मुंबई, १२ जानेवारी १९९५

सौ. कमल हिस,

धुळ्याला तुम्ही सगळे बरे असाल असे धरून लिहितो. मी ठीक आहे, जेवण वेळेवर मिळते. आपल्या छगनचा खोकला थांबला का?

लातूरकडच्या भूकंपावरच्या या सिनेमासाठी मी साठ भांड्यांवर नावे घातली. कोणी शिकवले नाही, तरी एक रेघ वाकडी नाही. काल दिग्दर्शक म्हणाले, "मास्तर, तुमची भांडी फार नवी दिसतात." मग त्यांनी भंगारवाल्याकडून भूकंपात पडलेल्या गावांतली खरी भांडी आणवली. एका तांब्यावर होते, 'चि. सुमन हिस मामाकडून.' अक्षर हाताने ठोकलेले. हिरोने त्याच भांड्यांच्या ढिगावरून बूट घालून पळायचे.

माझ्या तोंडून आपली बोलीच निघाली, "भाऊ, तेवर नाव शे!"

"पडद्यावर कोण वाचणार, मास्तर?" दिग्दर्शक म्हणाले, आणि सगळे हसले. वर म्हणे, आदराने सिनेमा काढतोय! किळस आली बघ.

माझी मजुरी ठेवा म्हटले आणि ती खरी भांडी पोत्यात भरून उचलली. आता इथे पुन्हा बोलावणार नाहीत. हे काम लावून देणाऱ्या तुझ्या भावाला एवढ्यात सांगू नकोस.

उद्या लातूरकडच्या गाडीत बसतो. सुमन नसली, तर तिच्या मामाला शोधीन.

मुलांना जवळ घे.

तुझा,
रुपचंद