एकाग्रता वाढवण्याचे उपाय

तीर्थरूप ताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (वाकून केलेला आहे असं समज. तुझी मुलं आल्यापासून सोफ्याखालच्या वस्तू काढायला मी इतक्या वेळा वाकते, की त्यातलाच एखादा तुझ्या नावावर धर.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचं पित्त निवलं का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' म्हणजे काय ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, आणि आज मला बरंच पुढे जायचं आहे.

आधी तुझ्या त्या वेळापत्रकाविषयी. मुलांच्या बॅगेत कपडे कमी निघाले आणि वेळापत्रक मात्र प्लास्टिकच्या वेष्टणात, चार रंगांत. सकाळी 'मेंदूचा व्यायाम', दुपारी 'शांत वाचन', संध्याकाळी 'निसर्ग निरीक्षण', आणि जागोजागी लाल शाईने 'बिट्टीची एकाग्रता'. ताई, लेकरं सुट्टीला पाठवलीस की बदलीवर? माझ्या दुकानाच्या रस्त्यावर निसर्ग म्हणजे बसथांब्यामागचं एक झाड आणि समोरच्या न्हाव्याच्या खिडकीवर बसणारं कबुतर. ते निरीक्षण पहिल्याच संध्याकाळी संपलं. वकीलसाहेबांनी (म्हणजे तुझे चिरंजीव, दूध पी म्हटलं तरी आधी कारण विचारतात आणि मग मुदत मागतात, म्हणून इथे त्यांना हेच नाव पडलं आहे) असा निष्कर्ष काढला, की या कबुतराला सुट्टीत कोणी काही शिकवत नसणार, त्याशिवाय ते इतकं गुबगुबीत राहिलं नसतं. मला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

बिट्टीचं म्हणशील, तर पोरगी दुपारभर पुस्तकात नाक खुपसून बसते. अगदी शब्दशः नाक. परवा एका पानावर नाकावरचा जॅम लागलेला होता. भाऊजी फोनवर म्हणाले, बघा, घरी एकाग्रता आहे, वर्गातच नसते, म्हणजे दोष शिस्तीचा आहे. आणि मग त्यांनी मला शिस्तीवर व्याख्यान दिलं. (ज्या माणसाला स्वतःच्या मोज्यांची जोडी लावता येत नाही, त्याच्याकडून शिस्त ऐकायची म्हणजे माझी सहनशक्ती बघ.) शाळेतल्या बाईंची तक्रार तुम्ही दोघांनी मला पाठच करून दिली होती: फळ्याकडे बघत नाही, शेजारणीच्या वहीत डोकावते, विचारलं की भलतंच सांगते. मीही मान डोलावली आणि तुझ्या लाल शाईच्या कामाला लागले.

म्हणजे काय केलं, तर तिला शिबिरात घातलं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात एक बाई उन्हाळी शिबिर घेतात. 'हसत खेळत ज्ञान' असा फलक आहे, पण मी डोकावले तेव्हा ना कोणी हसत होतं ना खेळत होतं; मुलं रांगेत मांडी घालून श्वास मोजत होती. या शिबिरबाई फार गोड बोलतात. इतकं गोड, की ऐकून झाल्यावर चूळ भरावीशी वाटते. पहिल्या दिवशी त्यांनी समोरच्या फळ्यावर घोडा काढला आणि मुलांना बघून काढायला सांगितलं. बिट्टीने सोफा काढला. बाई धावत वर आल्या आणि 'विलक्षण कल्पनाशक्ती' असं काही तरी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आगबोट होती. बिट्टीने पुन्हा सोफाच काढला, या वेळी वर उशी ठेवून. तेव्हा कल्पनाशक्ती जरा कमी झाली. मग मैदानात चेंडूचा खेळ झाला. चेंडू तिच्या कपाळावर आपटला, तो आला कधी हेच तिला कळलं नाही, आणि 'आपल्या गटाच्या ताईकडे पळा' म्हटल्यावर ती पळत जाऊन टपाल द्यायला आलेल्या पोस्टमनला बिलगली. संध्याकाळी बाई पुन्हा वर आल्या. हिचं मन कुठे तरी हरवलेलं असतं, घरात काही ताण आहे का, असं त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं. मी म्हटलं, आत्ताच आला आहे. आणि शिबिर संपलं.

उरलं माझं दुकान. नजर तपासायची, काचा बसवायच्या आणि तुमचं वय झालं हे गिऱ्हाइकाला न दुखावता सांगायचं, असा माझा धंदा. त्यात मुलांचं मनोरंजन बसत नाही असं मला वाटत होतं. वकीलसाहेबांनी दोन दिवसांत एका बाईंना 'या फ्रेममध्ये तुम्ही रागावल्यासारख्या दिसता' असं सांगून घालवलं, आणि एका गृहस्थांना 'मावशी सगळ्यांनाच हे छान दिसतं म्हणते' असं सांगून परत आणलं. ते भांडायला आले होते. बिट्टी मात्र शांत. आतल्या खोलीत अक्षरांच्या तक्त्याखाली स्टूल घेऊन बसायची आणि तक्ता चालीवर म्हणायची. मला वाटलं, चला, काही तरी पाठ होतंय, वेळापत्रकावर एक बरोबरची खूण झाली.

आता ऐक. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. एकटे आहेत आणि त्यांची जुनी गाडी हाच त्यांचा संसार. ती चालवण्याचा परवाना संपत आला होता आणि त्यासाठी नजरेचा दाखला लागतो. काही दिवस ते रोज दुपारी दुकानात यायचे, मुलांना गोळ्या द्यायचे आणि आतल्या खोलीत बसायचे. म्हातारा माणूस, मुलांत रमतो, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं कौतुक करायची. मग एक दिवस ते तपासणीला आले. खुर्चीत बसले आणि मी काही बोलायच्या आत, मोठ्या अक्षरापासून तळाच्या बारीक ओळीपर्यंत सगळा तक्ता घडाघडा म्हणून मोकळे झाले. चष्मा नाही, अडखळणं नाही, जरा चालही होती. मी बघतच राहिले. कारण ताई, तक्ता डाव्या भिंतीवर आहे. स्टेशनमास्तर माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघत होते.

मी आवाज चढवला. तू मला ओळखतेस, माझा आवाज चढला की काचा हलतात, आणि दुकानात काचांशिवाय काही नाही. गाडीखाली कोणी आलं असतं तर काय केलं असतंत, असं मी विचारलं तेव्हा स्टेशनमास्तर मान खाली घालून म्हणाले, "मुलीला रागावू नका. शिकवलं तिने चांगलं. विद्यार्थीच लबाड निघाला." वकीलसाहेब मध्ये पडले. शिकवणं हा गुन्हा कधीपासून झाला, आणि आई तर सुट्टीत दुसऱ्यांना मदत करा म्हणते, असा त्यांचा मुद्दा होता. मी त्याला बाहेर काढलं आणि बिट्टीला समोर उभं केलं.

"लोकांना फसवायला शिकवतेस?"

ती गोंधळली. रडली नाही, खरंच गोंधळली. "फसवायला नाही. पाठ करायला. सगळे पाठच करून येतात ना?"

"कोण सगळे?"

"जे खुर्चीत बसतात ते. खुर्चीतून कुठे दिसतं, मावशी? खुर्चीतून तर ते ढगासारखं असतं. म्हणून मी स्टुलावर चढून जवळून पाठ केला. आजोबांना स्टुलावर चढता येत नाही."

मी स्टूल बाजूला सारलं. मग तिला खुर्चीत बसवलं आणि तक्ता काढून दुसरा लावला, तिने कधी न पाहिलेला. सगळ्यात वरचं, हाताएवढं अक्षर तिने ओळखलं. त्याखाली ती अंदाज करायला लागली. चूक होऊ नये म्हणून माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाज करत होती, आणि ताई, माझा चेहरासुद्धा तिला तिथून दिसत नव्हता. वर्गात शेजारणीच्या वहीत का डोकावते ते आता तुला सांगायला नको. घोड्याचा सोफा का झाला तेही शिबिरबाईंना कोणी तरी कळवा, मी त्यांच्याशी बोलत नाही.

तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवून मी एकेक काच बदलत गेले. एका काचेला ती बोलायची थांबली आणि उठून दाराशी गेली. समोरचा न्हावी खिडकीत उभा होता. रोजच्यासारखा हात हलवत होता. पोरगी शिष्ट आहे, कधी उत्तर देत नाही, अशी त्याची माझ्याकडे तक्रार होती. बिट्टी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, ते मला हात करतायत. मला वाटायचं ते काच पुसतात." मग तिने हात हलवला. फ्रेम घसरत होती म्हणून ती एका हाताने धरली होती. न्हाव्याच्या हातातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने ताटकळलं.

मी आत जाऊन थोडा वेळ विनाकारण डब्या आवरल्या.

स्टेशनमास्तरांना मी मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे हाताला धरून नेलं. शस्त्रक्रिया ठरली आहे, तोवर गाडीची किल्ली माझ्याकडे. उभ्या गाडीत बसून तिघं लांबलांबच्या गावांना जातात. स्टेशनं स्टेशनमास्तर सांगतात, भांडणं वकीलसाहेब करतात, आणि खिडकीतून काय काय दिसतं ते बिट्टी सांगते. तिला खूप दिसतं. ऐकून कंटाळा येईल इतकं दिसतं.

तुझं वेळापत्रक मी फ्रिजवरून काढलं आहे. भाऊजींना एकाग्रतेबद्दल काय सांगायचं ते तू बघ; मी सांगितलं तर त्यांचं पित्त पुन्हा खवळेल. पाठीला जप. मुलांचे पापे त्यांची तोंडं पुसून झाली की पाठवीन.

तुझी,
धाकटी

ता. क. चष्मा तयार झाला आहे. फ्रेम तिने निवडली. रंगाबद्दल तिला काही बोलू नकोस, मी बोलून बघितलं.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं ते. मुलांना न्यायला येशील तेव्हा जिन्यात शिबिरबाई भेटतील. त्यांनी विचारलंच, तर चष्मा आधीपासूनचा आहे, प्रवासात हरवला होता, एवढंच सांग. चष्मेवालीची भाची इतके दिवस तिच्याच घरात चाचपडत होती आणि चष्मेवालीला पत्ता नव्हता, हे या रस्त्यावर कळलं तर माझ्या खुर्चीत कोण बसेल? शिबिरबाईंना आणि भाऊजींना मी इतकी नावं ठेवली, त्यातली तुला योग्य वाटतील ती माझ्याकडे परत पाठव.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार होते, तेवढ्यात बिट्टीने समोरच्या फुटपाथवर उभं राहून माझ्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली. 'येथे नजर तापसून मिळेल.' पाटी लागून वर्षं झाली. मी न्हाव्याला विचारलं, तुम्ही कधी बोलला नाहीत ते? तो म्हणाला, आम्हाला वाटलं डॉक्टरी शब्द असेल. रंगारी उद्या येतो आहे.