फोन रूट करायचा की नाही

मंगळवार, संध्याकाळ

शनिवारी दिवसभर मी तांड्यावर बाळांना लस टोचत होते. तिथं रेंज नाही, म्हणून हजेरीच्या ॲपनं मला गैरहजर दाखवलं. आज सकाळच्या बैठकीत सुपरवायझर सरांनी सगळ्या नर्सेससमोर नोटीस हातात दिली. "घरी झोपा काढता का, बाई?" म्हणाले. सगळे हसले. झोपा!

तडक माजलगावला सलीमभाईंच्या मोबाईलच्या दुकानात गेले. म्हटलं, फोन रूट करून द्या, म्हणजे त्यातली कंपनीची कुलपं काढून टाका. मग लोकेशन पाहिजे ते दाखवता येतं. घरी बसून तांड्यावर दिसेन, बघू काय करतात.

सलीमभाई म्हणाले, "ताई, काहून ह्याच्या नादी लागता? आधी समदा फोन कोरा होतोय. बँकेचं ॲप बंद पडतंय, कुणाला बी आत घुसता येतंय. तुमच्या सरांनी ऐकलं न्हाई, नेला करून."

सरांनी? मी दोनदा विचारलं. आणि झोपा मी काढते!

फोन तसाच घेऊन निघाले. त्यांच्यासारखं खोटं मी का वागू?

येताना एसटी तेलगावला थांबली. समोरच्या हॉटेलात सर भजी खात बसलेले. आमच्या कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी तेवढ्यातच लोकेशन टाकलं होतं: सिरसाळा, तपासणी चालू. खिडकीतून फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सर, सिरसाळ्याची भजी कशी आहेत?"

ग्रुपमधल्या, सरांच्याही वरच्या मोठ्या साहेबांनी पाहिलंय. सरांचे सात फोन येऊन गेले. उचलले नाहीत. वाईट वाटायला हवं होतं का? लई बरं वाटतंय.